मंगळाच्या पोटातली पुळण

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘किनारे’ हा विषय कळवला, तेव्हा माझ्या मनात एकच किनारा आला. त्याच्यावर साडेतीनशे कोटी वर्षांत लाट फुटलेली नाही. तिथे पाणी नाही, शिंपला नाही, हवासुद्धा नावापुरतीच आहे. तरीही तिथली पुळण कोणत्या दिशेला उतरते, तिचा कल साधारण किती अंशांचा आहे आणि ती किती खोलवर गाडली गेली आहे, हे आज सांगता येतं. मंगळाच्या उत्तर गोलार्धात युटोपिया प्लॅनिशिया नावाचं अफाट मैदान आहे. त्याच्या दक्षिण भागात, सुमारे दहा मीटर मातीखाली, ही पुळण असल्याचं चिनी आणि अमेरिकी संशोधकांनी २०२५च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडलं.

मंगळावर एके काळी महासागर होता, हे म्हणणं नवं नाही. त्यावरचा वाद तीन दशकांहून जुना आहे आणि अजून मिटलेला नाही. पण वाद कशावर आहे, ते मात्र या काळात बदललं. आधी माणसं यानांनी पाठवलेल्या छायाचित्रांत किनाऱ्याची रेघ शोधत होती. रेघ सापडायची, पुसली जायची, पुन्हा दुसरीकडे सापडायची. मग काहींनी रेघेचा नाद सोडला आणि पाणी गाळ कसा रचतं, याचा माग घेतला. महासागराची बाजू खऱ्या अर्थाने भक्कम झाली ती तेव्हापासून, असं मला हा सगळा विषय वाचताना आणि दोन ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पाहताना वाटत गेलं. किनारा वरून पाहण्यापेक्षा आतून वाचावा लागतो.

पुळणीचा छेद

आतून वाचायचं म्हणजे काय, ते पाहायला मी केळशीला गेलो. दापोली तालुक्यातलं हे गाव भारजा नदीच्या मुखाशी वसलं आहे. पावसाळा सरता सरता खाडीचं पाणी पुळणीची कड खात जातं आणि कुठे कमरेएवढी, कुठे छातीएवढी वाळूची उभी भिंत उघडी पडते. सोबत भूशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी ती भिंत खुरप्याने हलक्या हाताने तासली, आणि आतापर्यंत एकसारखी वाटणारी वाळू थराथरांनी वेगळी दिसू लागली. शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढुरकी वाळू, मग बोटभर जाडीचा काळा पट्टा, पुन्हा पांढुरकी वाळू, पुन्हा काळा पट्टा.

काळे कण जड असतात. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि जांभा झिजून त्यातलं इल्मेनाइट, मॅग्नेटाइट नद्यांनी समुद्रात आणलेलं असतं. लाट पुळणीवर चढते तेव्हा हलकं-जड सगळंच वर ढकलते. परतताना तिचा जोर कमी झालेला असतो, काही पाणी वाळूत मुरलेलं असतं. ती हलके कण ओढून नेते आणि जड तिथेच टाकते. उधाणाच्या भरतीत, वादळात हे काम जोरात चालतं आणि एक पट्टा तयार होतो. वाळूची ही निवड लाटेइतकी बारकाईने क्वचितच कोणी करत असेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पट्ट्यांच्या कलात होती. एकही पट्टा आडवा नव्हता. सगळे समुद्राच्या बाजूला उतरत होते आणि एकमेकांना समांतर होते. आपण पुळणीवर चालतो तो उतार म्हणजे सगळ्यात अलीकडचा थर. त्याच्यावर नवी वाळू बसली की तो आत जातो आणि किनारा तेवढा समुद्राकडे सरकतो. त्यामुळे वाढत गेलेल्या पुळणीच्या पोटात तिचे आधीचे सगळे उतार जपलेले असतात, जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने.

वाऱ्याने रचलेल्या टेकडीतही तिरपे थर असतात, पण ते बरेच उभट असतात आणि वारा फिरला की त्यांची दिशाही फिरते. नदीच्या वाळूतले थर लहान लहान पन्हळींसारखे वाकलेले असतात, एकमेकांना कापत जातात. लाव्ह्याचे थर जाड आणि कठीण. सौम्य उताराचे, लांबवर एकसारखे, एकाच दिशेला कललेले थर ही लाटांच्या किनाऱ्याची ओळख आहे. ही ओळख लक्षात ठेवली, की मंगळावर काय सापडलं ते समजायला वेळ लागत नाही.

नकाशावरची रेघ

मंगळाभोवती फिरू लागलेलं पहिलं यान म्हणजे मरिनर ९. ते १९७१च्या नोव्हेंबरमध्ये तिथे पोचलं तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. धूळ खाली बसली आणि कॅमेऱ्यांना नद्यांची कोरडी पात्रं दिसली. १९७६मध्ये व्हायकिंगची दोन यानं आली, त्यांनी तपशील भरला. कासेई, आरेस, टियू, माजा अशी नावं मिळालेल्या प्रचंड पुरांच्या वाटा दक्षिणेच्या उंच प्रदेशातून निघून उत्तरेकडच्या क्रायसी मैदानात उतरत होत्या. काहींची रुंदी दहा-वीस नव्हे, शंभर किलोमीटरच्या घरात होती. एवढं पाणी खाली आलं असेल, तर ते साचलं कुठे, हा प्रश्न मग आपोआपच पुढे आला.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या टिमोथी पार्कर यांनी व्हायकिंगची छायाचित्रं घेऊन उंच प्रदेश आणि सखल मैदान जिथे भेटतात ती कड बारकाईने पाहिली. १९८९मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन सीमारेषा दाखवल्या आणि त्या जुन्या समुद्राचे काठ असू शकतील असं सुचवलं. बाहेरच्या, जास्त जुन्या रेषेला पुढे अरेबिया आणि आतल्या रेषेला ड्युटेरोनिलस ही नावं रूढ झाली. १९९१मध्ये ॲरिझोना विद्यापीठाचे व्हिक्टर बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये या समुद्राचं पूर्ण चित्र मांडलं आणि त्याला ‘ओशनस बोरिॲलिस’, म्हणजे उत्तरेचा महासागर, असं नाव दिलं.

हे सगळं धाडसाचं होतं. त्या छायाचित्रांत उंची मोजायची सोय नव्हती. समुद्राचा काठ ओळखायची पहिली कसोटी अगदी साधी असते: पाण्याची पातळी सगळीकडे सारखी, म्हणून काठाची उंचीही सगळीकडे सारखी हवी. मंगळावरच्या या दोन रेषा सपाट आहेत की वर-खाली जातात, हे कोणालाच माहीत नव्हतं.

लेझरने मोजलेलं मैदान

ते मोजलं मोला या उपकरणाने. मार्स ग्लोबल सर्व्हेयर हे यान १९९७मध्ये मंगळापाशी पोचलं. त्यावरचा लेझर सेकंदाला दहा वेळा खाली प्रकाशाचा ठोका टाकायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला, ते नोंदवायचा. अशा साठ कोटींहून जास्त नोंदींतून मंगळाचा उंच-सखलपणाचा नकाशा उभा राहिला. हा नकाशा आज कोणालाही पाहता येतो. सखल भाग निळे, उंच भाग लाल-पिवळे अशा रंगांत तो पहिल्यांदा समोर आला की पाहणारा थबकतो, कारण ग्रहाचा सगळा उत्तर भाग निळा आहे. दक्षिणेपेक्षा तो सरासरी पाच किलोमीटरनी खाली आहे आणि विलक्षण गुळगुळीत आहे. निळा रंग मात्र नकाशा करणाऱ्यांनी निवडलेला आहे, आणि सखल म्हणजे जलमय असं काही नसतं. तो मोह इथे टाळावाच लागतो.

१९९९मध्ये ब्राउन विद्यापीठाचे जेम्स हेड आणि सहकाऱ्यांनी पार्करच्या रेषा या नकाशावर ठेवून पाहिल्या. ड्युटेरोनिलस बऱ्यापैकी समपातळीत निघाली. अरेबिया मात्र साफ नापास झाली. तिच्या उंचीत ठिकठिकाणी काही किलोमीटरचा फरक होता, आणि पाणी असं डोंगर चढून जात नाही. त्याच सुमारास मायकेल मॅलिन आणि केनेथ एजेट यांनी त्याच यानावरच्या तीक्ष्ण कॅमेऱ्याने या रेषांचे तुकडे जवळून पाहिले. लाटांनी कोरलेला कडा, वाळूचा बांध, काठाच्या पायऱ्या असं किनाऱ्याचं काहीच त्यांना दिसलं नाही. महासागराची कल्पना तिथेच गुंडाळली जाणार असं वाटत होतं.

ती वाचली एका वेगळ्या विचारामुळे. काठ तयार झाला तेव्हा तो सपाटच असेल, पण नंतर जमीनच वाकली असेल तर? टेलर पेरन आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये दाखवलं, की मंगळाचा बाहेरचा थर त्याच्या आसाच्या संदर्भात सरकला असेल, तर रेषांच्या उंचीतले लांबवरचे चढउतार बरेचसे समजू शकतात. २०१८मध्ये रॉबर्ट सिट्रन, मायकेल मँगा आणि डग्लस हेमिंग्वे यांनी बोट ठेवलं थार्सिसवर. थार्सिस हा ज्वालामुखींचा इतका अजस्र फुगवटा आहे की त्याच्या वजनाने सगळ्या ग्रहाचा आकार बदलला. अरेबियाचा काठ थार्सिस वाढत असतानाच तयार झाला असेल आणि ड्युटेरोनिलसचा तो बहुतेक वाढून झाल्यावर, तर पहिला जास्त आणि दुसरा कमी वाकणार. मोजमापं तशीच आहेत.

युक्तिवाद देखणा आहे, पण त्याने शंका पूर्ण फिटत नाही. वेगवेगळ्या संशोधकांनी आखलेल्या अरेबियाच्या रेषा एकमेकींशीच जुळत नाहीत, हे नंतरच्या पडताळणीत पुढे आलं. जी रेघ नक्की कुठून जाते यावरच एकमत नाही, तिच्या वाकण्याचं गणित कितपत धरायचं? रेघेची वाट इथे अडली.

लोणारची धार

रेघेऐवजी आणखी काय पाहता येईल? वाहतं पाणी साचलेल्या पाण्याला भेटतं तिथे त्याचा वेग एकदम कमी होतो आणि त्याने आणलेला गाळ पंख्यासारखा पसरतो. त्रिभुज प्रदेश तयार होतो. तो कोणत्या उंचीवर आहे, यावरून साचलेल्या पाण्याची पातळी कुठे होती, ते कळतं.

हे एका नजरेच्या टप्प्यात दाखवणारी जागा महाराष्ट्रात आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार विवर उल्केच्या आघाताने दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पडलं आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. बेसाल्टमध्ये पडलेली आणि चांगली टिकलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. मंगळाचं कवचही मुख्यतः बेसाल्टचं, म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारला येत असतात. मंगळाच्या उत्तरेकडच्या मैदानात, म्हणजे नेमकं त्या संभाव्य महासागराच्या तळावर, एका विवराला लोणार हेच नाव दिलेलं आहे.

मी विवराच्या ईशान्य कडेवरून खाली उतरलो. गोमुखातून पडणारी धार बाराही महिने वाहते. तिथल्या ओढ्याने विवराची कड खोल कापली आहे आणि कापलेला माल खाली आत नेऊन टाकला आहे. वरून पाहिलं की ही पंख्यासारखी जमीन ओळखू येते: बाकी सगळीकडे विवराचा उतार जंगलातून थेट सरोवराच्या चिखलापर्यंत जातो, इथे मात्र मध्ये एक रुंद, जवळपास सपाट पट्टा पसरलेला आहे. सरोवराचं पाणी खारं आणि कमालीचं अल्कधर्मी आहे. विवराला बाहेर जाणारी वाट नाही, त्यामुळे काळ्या पाषाणातून विरघळून आलेलं सगळं आतच आटत राहतं. बेसाल्ट आणि साचलेलं पाणी एकत्र आले की काय होतं, याची ही प्रयोगशाळाच आहे: कडेला गाळाचा पंखा, तळाला चिकणमाती, पाण्यात क्षार.

मंगळावरच्या जेझेरो विवरात असाच, पण कैक पटींनी मोठा त्रिभुज प्रदेश आहे. पर्सिव्हिअरन्स ही गाडी २०२१च्या फेब्रुवारीत मुद्दाम त्याच्या पायथ्याशी उतरवली गेली. गेल विवरातल्या क्युरिऑसिटी या गाडीला तर लाटांनी उमटवलेल्या बारीक वळ्या दगड झालेल्या सापडल्या. त्यांच्या मापावरून तिथलं पाणी दोन मीटरहून कमी खोल होतं आणि वरून बर्फाने झाकलेलं नव्हतं, असं संशोधकांनी काढलं. पण जेझेरो काय किंवा गेल काय, ही सरोवरं होती. तळ्याच्या पुराव्यावर महासागर उभा करता येत नाही.

त्यासाठी त्रिभुज प्रदेश सगळ्या ग्रहावर मोजावे लागले. २०१०मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या गेटानो दी अकिले आणि ब्रायन हाइनेक यांनी अशा ५२ ठिकाणांच्या उंची एकत्र मांडल्या. त्यांतली निम्म्याहून जास्त एका ठरावीक पातळीच्या आसपास निघाली. त्या पातळीपर्यंत पाणी भरलं तर मंगळाचा ३६ टक्के भाग बुडतो आणि पाण्याचं आकारमान १२.४ कोटी घन किलोमीटर होतं, म्हणजे पृथ्वीवरच्या महासागरांच्या सुमारे दहावा हिस्सा. २०२२मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे बेंजामिन कार्डेनास यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. एओलिस डोर्सा या भागात नद्यांचा गाळ कठीण होऊन उंचवट्यांच्या रूपाने उरला आहे. त्या उंचवट्यांच्या दिशा आणि जाडी पाहता, तिथे पाण्याची पातळी वाढत गेली आणि काठ मागे सरकत गेला, असं दिसतं. म्हणजे एका क्षणाचा काठ हाती लागला असं नव्हतं. हलणारा काठ हाती लागला होता.

झुरोंगची वाट

चीनचं तियानवेन-१ हे यान २०२०च्या जुलैत निघालं. त्यातली झुरोंग नावाची सहा चाकी गाडी १५ मे २०२१ रोजी युटोपियाच्या दक्षिणेला उतरली. ही जागा ड्युटेरोनिलसच्या रेषेपासून उत्तरेला, म्हणजे महासागर असलाच तर त्याच्या बाजूला आहे. भोवताली पाहावं तर सपाट जमीन, विखुरलेले दगड आणि वाऱ्याने रचलेले वाळूचे लहान लहान बांध. किनाऱ्याचं काही नाही. गाडी बहुतांशी दक्षिणेकडे, म्हणजे जुन्या काठाच्या दिशेने चालत राहिली. हिवाळा आणि धूळ आल्यावर २०२२च्या मे महिन्यात तिला निजवलं आणि ती पुन्हा जागी झाली नाही. तोवर ती १९२१ मीटर चालली होती.

तिच्यावर जमिनीच्या आत पाहणारं रडार होतं. शहरांत रस्ता खोदण्याआधी खालच्या नळांचा आणि तारांचा ठाव घ्यायला हेच तंत्र वापरतात. अँटेना रेडिओ लहरींचा ठोका खाली सोडते. जमिनीतला पदार्थ जिथे बदलतो, दाट होतो किंवा विरळ होतो, तिथून लहरींचा काही भाग परत येतो. परत यायला किती वेळ लागला यावरून खोली कळते, आणि गाडी पुढे सरकत राहिली की त्या खोलींची सलग रांग मिळते. पृथ्वीवरच्या ओल्या जमिनीत या लहरी लवकर विरतात. मंगळाची जमीन कोरडीठाक असल्याने त्या तिथे बऱ्याच खोल जातात.

सुमारे १.३ किलोमीटरच्या वाटेवरच्या नोंदी जियानहुई ली, हाय लिउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडल्या, तेव्हा वरच्या दहा मीटर मातीखाली, साधारण पस्तीस मीटर खोलीपर्यंत, तिरप्या रेघा ओळीने उभ्या राहिल्या. सगळ्या एकाच दिशेला, उत्तरेकडे, मैदानाच्या सखल भागाकडे उतरणाऱ्या. कल ६ ते २० अंशांमधला. या गटात मँगा आणि कार्डेनास हेही होते. त्यांनी एकेक पर्याय घेऊन तपासला. वाळूच्या टेकड्या? मग दिशा आणि कल इतके एकसारखे राहत नाहीत. नदी? तिच्यात पन्हळी दिसायला हव्यात. लाव्हा? रडारच्या लहरी ज्या वेगाने गेल्या तो वेग घट्ट दगडाचा नाही, वाळूसारख्या कणांचा आहे. उरला तो समुद्राकडे वाढत गेलेला किनारा.

केळशीला खुरप्याने तासलेल्या भिंतीत पाहिलं होतं तेच हे, फक्त मोठ्या प्रमाणावर. आणि या थरांतून पाणी होतं एवढंच कळत नाही. लाटा होत्या, म्हणजे पाण्यावरून वाहायला वारा होता आणि पाण्याचा पृष्ठभाग निदान बराच काळ मोकळा होता. पुळण तेराशे मीटर वाढायला वाळू लागते, म्हणजे डोंगर झिजवून माल आणणाऱ्या नद्या होत्या. हे एखाद्या महापुराचं काम नाही. त्याला फार मोठा काळ लागतो.

लाटेने मागे टाकलेलं

केळशीला खाडीच्या मुखापाशी वाळूची एक उंच टेकडी आहे. तिच्या पोटात खापरं आणि कोळसा असलेला थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास करून ती त्सुनामीच्या लाटेची साक्ष असल्याचं मांडलं. त्या थराचा अर्थ काय, यावर अभ्यासकांत एकमत झालेलं नाही. पाचशे वर्षांपूर्वीची, आपल्या हाताने उकरता येणारी वाळू वाचतानाही माणसं इतकी अडतात, हे मंगळाबद्दल बोलताना लक्षात असू द्यावं.

कारण मंगळावरही त्सुनामीचा दावा झालेला आहे. २०१६मध्ये अलेक्सिस रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी अरेबिया टेराच्या उत्तर काठावर गाळाच्या लांब जिभा दाखवल्या. त्या उताराच्या उलट, वरच्या दिशेने चढलेल्या होत्या. खाली वाहणारं पाणी असा माल वर नेऊन टाकू शकत नाही. समुद्रात मोठ्या उल्का पडून दोन वेळा प्रचंड लाटा उसळल्या असतील आणि त्यांनी दगडगोटे आत वाहून आणले असतील, असा त्यांचा अंदाज. दुसऱ्या लाटेच्या खुणा बर्फाळ चिखलासारख्या दिसतात, म्हणजे दोन्ही घटनांच्या मधल्या काळात हवामान थंड होत गेलं असावं. २०२२मध्ये त्याच गटाने पोल नावाच्या, ११० किलोमीटर व्यासाच्या विवराकडे पहिल्या लाटेचं उगमस्थान म्हणून बोट दाखवलं.

या मांडणीने लाटांनी कोरलेला स्वच्छ काठ मॅलिन आणि एजेट यांना का दिसला नसेल, याचंही एक उत्तर मिळतं. ज्या काठावर त्सुनामी येऊन गेली, त्याची रेघ पुसलेलीच असणार. व्हायकिंग १ जुलै १९७६मध्ये क्रायसी मैदानात उतरलं, तेव्हा त्याला महापुराच्या वाटेची वळणं दिसतील अशी अपेक्षा होती. दिसलं ते दगडांनी भरलेलं माळरान. ते दगड त्सुनामीनेच आणून टाकलेले असू शकतील, असं या गटाचं म्हणणं आहे.

पाणी गेलं कुठे

एवढा समुद्र होता, तर आज तो कुठे आहे? या प्रश्नाचा एक धागा हवेत सापडतो. पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जोडीला ड्युटेरियम नावाचा त्याचा जड भाऊ थोड्या प्रमाणात असतो. वातावरणाच्या वरच्या थरातून हलका हायड्रोजन अवकाशात सहज निसटतो, जड मागे राहतो. म्हणून मागे उरलेल्या पाण्यात ड्युटेरियमचं प्रमाण जितकं जास्त, तितकं पाणी जास्त गेलेलं. मंगळावर हे प्रमाण पृथ्वीच्या कित्येक पट आहे. नासाच्या जेरोनिमो व्हिलानुएव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये त्यावरून हिशेब केला, की मंगळावर एके काळी निदान दोन कोटी घन किलोमीटर पाणी होतं. ते आर्क्टिक महासागरातल्या पाण्याहून जास्त भरतं.

दुसरा धागा दगडात आहे. २०२१मध्ये कॅलटेकच्या एव्हा शेलर यांच्या गटाने दाखवलं, की मंगळाचं तीस ते नव्याण्णव टक्के पाणी खनिजांत बांधलं जाऊन कवचातच अडकलं असावं. पृथ्वीवरही बेसाल्ट पाणी पितो, त्याची चिकणमाती होते. पण इथे भूपट्ट खाली जातात आणि ज्वालामुखी ते पाणी पुन्हा वर सोडतात. मंगळावर ही फेरी नाही. गेलं ते गेलं.

तिसरा धागा भूकंपांचा. इनसाइट यानाने २०१८ ते २०२२ या काळात मंगळाचे हादरे ऐकले. त्या नोंदींवरून वाशन राइट, मॅथियस मॉर्झफेल्ड आणि मँगा यांनी २०२४मध्ये मांडलं, की साधारण साडेअकरा ते वीस किलोमीटर खोलीवरच्या भेगाळलेल्या खडकात द्रवरूप पाणी भरलेलं असावं. सगळ्या ग्रहाच्या पोटात असंच असेल, तर ते समुद्र भरून उरेल इतकं होईल.

न जुळणारे हिशेब

विरोधी बाजूचे मुद्दे हलके नाहीत. चारशे कोटी वर्षांपूर्वीचा सूर्य आजच्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने मंद होता. मंगळ पृथ्वीपेक्षा दूर. तिथे महासागर द्रवरूप राहण्याइतकी ऊब कुठून आली, याचं सर्वमान्य उत्तर अजून मिळालेलं नाही. ज्वालामुखींनी सोडलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचं दाट आवरण, किंवा बहुतेक गोठलेला पण अधूनमधून मोकळा होणारा समुद्र, असे पर्याय मांडले जातात.

दाट कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर पाणी असेल, तर चुनखडीसारखे कार्बोनेटचे थर विपुल सापडायला हवेत. ते उत्तर मैदानात दिसत नाहीत. पाणी आम्लधर्मी होतं, म्हणून ते बनले नाहीत, की बनून खाली गाडले गेले? शिवाय समुद्रतळावर बारीक चिखल अपेक्षित असताना तीक्ष्ण कॅमेऱ्यांना तिथे मोठाले दगड दिसले. त्यातले काही तरी नंतरच्या आघातांनी उडून आले असतील, पण सगळ्यांचा निकाल एवढ्याने लागत नाही.

झुरोंगच्या रडारलाही मर्यादा आहे. ते एका गाडीने, एका जागी, एका वाटेवर केलेलं मोजमाप आहे. गाडीने खड्डा खणलेला नाही, वाळूचा कण पाहिलेला नाही.

पुढचा खड्डा

हा सगळा पुरावा समोर ठेवून माझं मत सांगायचं, तर युटोपियाच्या दक्षिण काठाला लाटा फुटत होत्या, हे मला पटलं आहे. तिथला पुरावा एका रेघेवर टेकलेला नाही. थरांचा कल, त्यांची दिशा, त्यांतल्या कणांचा अंदाज आणि जागेची पातळी हे चारही एकच गोष्ट सांगतात. त्रिभुज प्रदेशांची उंची त्याला दुजोरा देते. सगळं उत्तर गोलार्ध व्यापणारा महासागर मात्र मी अजून सिद्ध मानत नाही. एका पुळणीवरून समुद्राचा पलीकडचा काठ ठरत नाही.

तो ठरवण्याची रीत आता उघड आहे. ड्युटेरोनिलसच्या पातळीवर हजारो किलोमीटर दूर दुसऱ्या ठिकाणी रडार न्यायचं आणि तिथेही मैदानाकडे उतरणारे तसेच थर मिळतात का, ते पाहायचं. युरोपची रोझलिंड फ्रँकलिन ही गाडी ऑक्सिया प्लॅनम या, सखल मैदानाच्या काठावरच्या चिकणमातीच्या प्रदेशात पाठवायचं ठरलं आहे. तिच्यावर रडार आहे आणि दोन मीटर खोल जाणारा गिरमिटही आहे. तियानवेन-३ मोहिमेतून चीन मंगळाची माती पृथ्वीवर आणणार आहे. दोन्ही मोहिमांची उड्डाणं २०२८मध्ये ठरलेली आहेत.

जुन्या काठावरची वाळू प्रयोगशाळेत पोचली, तर पहिली परीक्षा साधी असेल. लाटांनी वर्षानुवर्षं घोळलेला कण गोल होतो, एका मापाच्या कणांसोबत राहतो, जड कण वेगळे पट्टे करतात. वाऱ्याचा, नदीचा, आघाताचा कण यापेक्षा वेगळा दिसतो. पृथ्वीवरच्या हजारो किनाऱ्यांवर हे फरक आपण मोजून ठेवले आहेत. त्यामुळे मंगळाच्या महासागराचा निकाल द्यायला नव्या शास्त्राची गरज नाही. गरज आहे ती योग्य जागी, पुरेशा खोल खणण्याची.